चार नंबरच्या बाटल्या

“चार नंबरच्या बाटल्या हल्ली डोळे मिटून भरतात वाटतं.”

कपडे बदलायच्या खोलीत, कपाटाच्या पलीकडून हे वाक्य आलं आणि त्यामागून दोघींचं हसू. अलीकडे मी वाकून पायांत प्लास्टिकची कव्हरं चढवत होते. त्यांना मी दिसत नव्हते. एरवीही मी फारशी कोणाला दिसत नाही, त्यामुळे अशी वाक्यं माझ्या वाट्याला खूप येतात. मी मान वर करून चौथ्या खुंटीकडे पाहिलं. लाल दोऱ्यात ओवलेल्या सात हिरव्या बांगड्या तिथे टांगलेल्या होत्या. म्हणजे इंदूअक्का कधीच्याच आत जाऊन कामाला बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं नाही, एवढंच बरं. कारण ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं.

आमची लॅब जळगावच्या बाहेर आहे. मातीत लावण्याआधी केळीची रोपं तिथे काचेच्या बाटल्यांत वाढवतात. बोटाच्या पेराएवढा कोंबांचा झुपका घ्यायचा, चिमट्याने धरून, तापवून घेतलेल्या चाकूने प्लेटमध्ये त्याचे तुकडे करायचे, जेलीसारख्या खाद्यात ते रोवायचे आणि झाकण लावायचं. चार आठवड्यांनी त्यांचे नवे झुपके होतात, मग परत कापायचे. हे कापणं स्वच्छ हवेच्या झोतात, पुढून उघड्या कपाटासमोर बसून चालतं. त्याला आम्ही हूड म्हणतो. बारा हूड, बारा बायका. टोपी, मास्क, अंगरखा, हातांना स्पिरिट. तोंडातून जंतू उडतात म्हणून आत बोलायला बंदी. नोकरीच्या पहिल्या दिवशी हा नियम वाचून मला केवढं बरं वाटलं होतं!

मी धुळ्याची, इंग्रजी माध्यमात शिकलेली. अहिराणी घरात ऐकू यायची ती बाबा गावाकडे फोन लावायचे तेव्हाच. फोन ठेवला की ते पुन्हा पुस्तकी मराठीत यायचे. मला ती समजायची, पण तोंडातून निघायची नाही. खरं तर कुठल्याच भाषेत माझ्या तोंडातून फार काही निघत नसे. लॅबमधलं माझं कामही त्याला साजेसंच होतं. रोज सकाळी वाढीच्या खोलीत जायचं आणि बाटल्या तपासायच्या. झाकणावर हूडचा नंबर आणि तारीख असते. बुरशी आली का, तुकडा काळा पडला का, हिरवा कोंब धरला का, ते पाहायचं. कोणाशी एक शब्द न बोलता मला बारा बायकांची खबर असायची. कोण माहेराहून आली की घाईघाईत कापते, कोणाचं घरी भांडण झालंय, सगळं बाटलीत दिसतं.

इंदूअक्कांच्या बाटल्यांत वर्षानुवर्षं काहीच दिसायचं नाही. हिरवा गालिचा, बस.

अक्का सोनगीरच्या, सासर जळगावचं. लॅब सुरू झाली तेव्हापासून चार नंबरचा हूड त्यांचा. उंचीने लहान, खांदे रुंद, आणि हात मात्र एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत तसे बारीक. आत बोलायचं नाही हा नियम त्यांनी पाळला, पण आपल्या पद्धतीने. चिमटा बाटलीच्या काठावर एकदा वाजवला की बाटली भरली, दोनदा म्हणजे स्पिरिट आणा, तीनदा म्हणजे इकडे येऊन बघ. ही भाषा पुढे बाराही हूडांवर पसरली. नवीन मुलीला पहिल्या आठवड्यात कापायचं कसं ते कळायचं नाही, पण टकटक कळायची.

दिवसाच्या शेवटी भरलेल्या बाटल्यांची ट्रॉली वाढीच्या खोलीकडे निघाली की अक्का दाराबाहेर येऊन मास्क खाली ओढून त्यांना निरोप द्यायच्या. “जाय वं माय, मोठी व्हय.” रोज. कोणी हसलं तर म्हणायच्या, “हसा. लेकीला सासरी धाडताना गप बसता का तुम्ही?”

एकदा सोनगीरकडचे शेतकरी लॅब पाहायला आले होते. पाहुण्यांना काचेबाहेरूनच बघायला मिळतं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने काचेला नाक लावलं आणि तो ओरडला, “अरे, ही तर आपली इंदू शे! भुवयांवरून वळखली!” तो अक्कांचा चुलता निघाला. सगळे काचेवर हात आपटायला लागले. अक्कांचे हात थांबले नाहीत. चाकू चालत राहिला, आणि मास्कवरच्या त्या दोन भुवया एकदा वर, एकदा खाली झाल्या. झाली भेट. चुलता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत होता, “काय बोलली पोरगी, काय बोलली!”

मला त्या ‘मुकी मॅडम’ म्हणायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक नवीनच टूम काढली. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचे मेसेज आले की फोन माझ्यापुढे सरकवायच्या. “वाच. मोठ्यानं वाच. तुझा आवाज गंजला असंल.” मग मी भर जेवणात “आई, गोळी घेतली का” वगैरे वाचायची आणि सगळ्या बायका हसायच्या. मला ते मुळीच आवडायचं नाही. पण हळूहळू मी त्या फोनची वाट पाहायला लागले, हे मी कोणाला सांगितलं नाही.

फोन माझ्याकडे का येतो, ते कळायला मला वर्ष लागलं. त्यांना अक्षरं दिसतच नव्हती.

पहिली खूण बाटल्यांनी दिली. चार नंबरच्या ट्रेमध्ये एखादी बाटली काळी. मग दोन. मग ट्रेमागे चार-पाच. बुरशी नव्हती, हात स्वच्छच होते. चाकू केसभर चुकत होता. कोंबाचा वाढता टोक-बिंदू, जो मोहरीच्या दाण्याहून लहान असतो, तोच कापला जात होता. दुसरी खूण जमिनीवर होती. अक्कांच्या स्टुलाच्या पायांचे ओरखडे हूडपासून मागे मागे सरकत चालले होते. हूडच्या कडेला रबराची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वर्षानुवर्षं कोपरं टेकून अक्कांनी दोन खळगे पाडले होते. आता ते खळगे रिकामे असायचे. जवळचं दिसत नाही म्हणून त्या मागे सरकायच्या. मागे सरकल्या की हात लांबवावे लागायचे, कोपरं अधांतरी. आणि अधांतरी हाताचा चाकू थरथरायचा.

चष्मा का नाही, असं कोणीही विचारेल. होता. जवळचं पाहायचा चष्मा त्यांनी करून आणला होता. पण दिवसभर मान खाली घालून बसलं की चष्मा नाकावरून घसरतो. घसरला की हात नाकाला जातो. हात चेहऱ्याला लागला की काम थांबवा, हात धुवा, स्पिरिट लावा, पाच मिनिटं गेली. दोरी बांधून पाहिली, तर मास्कमधून वर येणाऱ्या वाफेने काचा धूसर. एके दिवशी त्यांनी चष्मा काढून बांगड्यांच्या खुंटीवर अडकवला, तो तिथेच राहिला.

हे सगळं मला माहीत होतं, आणि मी गप्प होते. ट्रॉलीजवळ एकदा त्यांनीच मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुले माहीत शे ना?”

मी मान हलवली.

“किती काळ्या?”

मी पाच बोटं दाखवली.

लॅबचे मालक ललितभाऊ. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन डाळीच्या धंद्यात पडले, आणि नातू केळीत. दर वर्षी ते बाराही बायकांची चाचणी घेतात. प्रत्येकीने त्यांच्यासमोर वीस बाटल्या भरायच्या, आणि चार आठवड्यांनी त्या उघड करायच्या. ज्यांच्या बाटल्या काळ्या पडतील त्यांनी हूड सोडून बाहेरच्या शेडमध्ये जायचं, जिथे मोठी झालेली रोपं ट्रेमध्ये लावतात. त्या वर्षी चाचणी जवळ आली तेव्हा भाऊ अक्कांना फार गोड बोलले. “अक्का, नाही जमलं तर शेडमध्ये या. तिथं हवा मोकळी. खूप केलं तुम्ही.”

अक्का हसल्या. पण संध्याकाळी बांगड्या भरताना म्हणाल्या, “शेडमध्ये चालती-फिरती पोरं असतात. मी बाळंतखोलीतली. तिथं माझं काय काम?” आणि पहिल्यांदाच एक बांगडी हातात चढवताना फुटली.

मग एका सोमवारी त्या आल्या त्या वर्तमानपत्राचा कपटा घेऊन. म्हणजे त्यांच्या नणंदेने वाचून दाखवलेला. चाळिशीनंतर जवळचं कमी होतं त्यावरही आता लेझरने उपाय करतात, धुळ्याला एक डॉक्टरीणबाई करतात. “तू धुळ्याची ना? फॉर्म इंग्रजीत असतात. रविवारी चल,” त्या म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ठरून गेलं होतं. हा गप्प राहण्याचा तोटा.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, वयाने डोळ्यातलं भिंग ताठर होतं, ते काही लेझरने मऊ होत नाही. आपण बुबुळाचा आकार थोडा बदलतो. एक डोळा लांबचं पाहील, दुसरा जवळचं, आणि दोन्ही जोडायचं काम मेंदू शिकेल. काहींना जमतं, काहींना नाही, म्हणून आधी काही दिवस तशीच लेन्स घालून बघायची. डोळे कोरडे आहेत, हवेच्या झोतात बसता ना, आधी थेंब घाला. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतील. वय पुढे जाईल तसा काही वर्षांनी फरकही पडेल.

“वय जाऊ द्या पुढं,” अक्का म्हणाल्या, “मला मागं सरकायचं नाही.”

“तुमचं जवळचं काम किती अंतरावर असतं? हातांनी दाखवा.”

अक्कांनी दोन्ही हात पुढे लांबवले. पार लांब. कोपरं सरळ. गेल्या दोन वर्षांत अंगवळणी पडलेलं अंतर त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं. त्यांना वाटत होतं, आपण कायम असेच बसतो. बाईंनी पट्टी धरली, आकडा लिहायला पेन उचललं.

त्या आकड्यावर डोळा बेतला की झालं! अक्कांना आयुष्यभर तिथेच बसावं लागणार, कोपरं अधांतरी ठेवून. मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात त्यांचा फॉर्म होता. मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात चार ओळी लिहिल्या: स्टूल दोन वर्षांपासून मागे सरकतंय, ओरखडे आहेत, कोपरांचे खळगे हूडच्या कडेला आहेत, खरं अंतर तिथून मोजा. आणि कागद टेबलावर पुढे सरकवला.

बाईंनी वाचलं. परत वाचलं. मग अक्कांना उठवून टेबलाजवळ बसवलं, एका हातात पेन, दुसऱ्या हातात पेन्सिल दिली. “हा चाकू, हा चिमटा. कोपरं टेकवा. आता कापा बघू केळी.”

अक्कांनी कोपरं टेकवली. मग मान आपोआप खाली झुकली, खांदे उतरले, आणि पेन-पेन्सिल इतक्या वेगाने चालायला लागली की दारातली नर्सही बघत राहिली. बाईंनी पट्टी धरली. आधीच्या अंतराच्या जेमतेम निम्मं भरलं.

“बरं झालं हे लिहिलंत,” बाई मला म्हणाल्या.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “लिहिस चांगलं. बोलशी कव्हय?” कधी बोलणार म्हणून विचारत होत्या. मी खिडकीबाहेर पाहिलं.

थेंबांचे दिवस संपल्यावर लेन्स मिळाली. त्या दिवशीचा परतीचा बसप्रवास मी विसरूच शकत नाही. धुळे सुटायच्या आत अक्कांचं तिकीट वाचून झालं होतं. “माय वं! तारीख दिखस! खालची बारीक अक्षरं बी दिखस! बठ्ठं दिखस, बठ्ठं!” सगळं दिसतंय, सगळं, असं सगळ्या बसला सांगत होत्या. मग बिस्किटाच्या पुड्यावरचं सगळं, कारखान्याच्या पत्त्यासकट. मग पुढच्या सीटवरच्या माणसाचं वर्तमानपत्र, त्याच्या खांद्यावरून, मोठ्याने. तो वैतागून म्हणाला, “अक्का, पान उलटू का?” “थांब रे भाऊ, बाजारभाव राहिले.” पारोळ्याला त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. “तुझ्या अंगठ्यावर तीळ शे! दोन वर्षं शेजारी जेवतेस, माले दिसला नही!” बसमधल्या सगळ्यांनी माझा अंगठा पाहिला. मला लाजेने मरायला व्हायला हवं होतं. मी हसत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या पडद्यावर त्यांचा डोळा पाहिला, ताटाएवढा. पापणी चिमट्याने उघडी धरलेली. हिरवा ठिपका. काही मिनिटांचं काम. मी श्वास धरून बसले होते, आणि माझ्या शेजारी त्यांचे यजमान डोळे गच्च मिटून. अक्का काळा चष्मा लावून बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य: “चाकू तापवल्यावर येतो ना, तसा वास आला. आज मी प्लेटमध्ये होते आणि बाईंच्या हातात हत्यार. मी म्हटलं, बाई, निवांत कापा, मी हलायची नाही. हललं की काय होतं ते मला विचारा.”

डॉक्टर सूचना द्यायला लागल्या. डोळा चोळायचा नाही, काहीही झालं तरी चेहऱ्याला हात लावायचा नाही. लोकांना हे सगळ्यांत अवघड जातं, झोपेतही हात जातो.

“चेहऱ्याला हात?” अक्का म्हणाल्या. “इतकी वर्षं काय केलं मग मी?”

पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, असा पेशंट पाहिला नाही.

पहिले दिवस सरळ नव्हते. उजवा डोळा लांबचं धरी, डावा जवळचं, आणि मधल्या अंतरावरची माणसं त्यांना थोडी पुसट दिसत. जिना उतरताना पाय चाचपडे. जळजळ व्हायची, दिवसातून किती वेळा थेंब. लॅबमध्ये कोणी म्हणालं, “एवढं करून चष्माच बरा होता.” मला वाटतं अक्काही घाबरल्या होत्या. पण बाईंनी परवानगी दिल्यावर त्या कामावर आल्या, खुंटीवर बांगड्या अडकवल्या, तिथला धूळ खाल्लेला चष्मा काढून पिशवीत टाकला, आणि आत जाऊन स्टूल पायाने पुढे ढकललं. कर्रकन आवाज झाला. आत इतका मोठा आवाज कोणी करत नाही. अकरा टोप्या वळल्या. अक्कांनी दोन्ही कोपरं दोन खळग्यांत ठेवली. बरोब्बर बसली.

चाचणी झाली. ललितभाऊ मागे हात बांधून उभे होते. वीस बाटल्या, आणि प्रत्येकीनंतर एक टक. हात पूर्वीसारखाच पळत होता, पण ते काही सांगता येत नाही. चुकीचं कापलेलंही पहिल्या दिवशी हिरवंच दिसतं. खरं काय ते चार आठवड्यांनी. ट्रॉली दाराबाहेर आली तेव्हा अक्कांनी मास्क खाली ओढला. “जाय वं माय,” एवढंच म्हणाल्या. पुढचं त्यांच्याने म्हणवलं नाही.

ते चार आठवडे माझे कसे गेले! चाचणीचे ट्रे उजेड आत जाईल अशा पातळ कापडाखाली झाकून ठेवतात, मुदतीआधी हात लावायचा नाही. मी रोज त्या कापडाजवळून जायची. अक्का रोज जेवताना माझ्या तोंडाकडे बघायच्या, मी मान हलवायची, नाही, अजून नाही. आता त्या मुलाचे मेसेज स्वतःच वाचायच्या, तरी फोन माझ्यापुढे सरकवायच्या. “वाच. आता सवय झाली.”

अक्का आता दोंडाईच्याजवळ नव्याने निघालेल्या लॅबमध्ये मुलींना शिकवतात, भाऊंनीच पाठवलं. तिथल्या मुलीही बाटलीवर चिमटा वाजवतात म्हणे. फोनवर आमचं बोलणं होतं. पण त्यांची आठवण आली की मला त्या सकाळच्याच दिसतात.

मुदत संपली त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी वाढीच्या खोलीत गेले. नळ्यांचा पांढरा प्रकाश, बाटल्यांच्या रांगा. चार नंबरच्या ट्रेवरचं कापड काढलं. पहिली बाटली उचलून उजेडात धरली. दुसरी. सहावी. अकरावी मी ट्रेमध्ये ठेवूनच पाहिली. सतरा. अठरा. एकोणीस. विसावी मी दोनदा पाहिली.

मग मी पळाले. लॅबमध्ये पळत नाहीत. कॉरिडॉर संपून काचेपाशी आले. आत बारा हूड, बारा टोप्या. चार नंबरवर अक्का, कोपरं खळग्यांत, मान खाली, डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात चाकू. मी काचेवर तीनदा टकटक केलं. इकडे येऊन बघ. झोताच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. परत वाजवलं. भाऊ माझ्या मागून येत होते, त्यांच्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. पायांत कव्हर नव्हतं, तोंडावर मास्क नव्हता. मी दाराची मूठ धरली, दार अर्धं उघडलं, आणि त्या खोलीत, जिथे कोणीच कधी बोललं नव्हतं, मी छाती भरून ओरडले,

“अक्का, बठ्ठं हिरवं शे!”